अलंग-मदन-कुलंग: कातळ नाही, रांग नडली

अलंग, मदन आणि कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक एका आयोजकासोबत केला, त्याबद्दल. आधी हिशेब. ३४ माणसं, एक दोर, कातळ चढायला माणशी ८ मिनिटं. झाली २७२ मिनिटं, म्हणजे साडेचार तास. हा गुणाकार मी पैसे भरायच्या आधी घरी बसून करायला हवा होता. केला तो अलंगच्या कातळाखाली, उन्हात दगडावर बसून, माझा नंबर सव्विसावा असताना.

व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: फक्त २० जणांची बॅच, रविवारी रात्री ११ पर्यंत घरी, आणि सर्व टेक्निकल साहित्यासह ४,२०० रुपये. तिन्ही खोट्या निघाल्या. आम्ही ३४ जण होतो, आंबेवाडी सोडली ती सोमवारी दुपारी, आणि हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) व हेल्मेटचे ३०० रुपये पायथ्याला वेगळे मोजले. 'साहित्यासह' म्हणजे दोर त्यांचा, बाकी भाड्याने, हे तिथे पहाटे पाचला कळलं. त्या वेळी भांडून जाणार कुठे?

तुम्ही दिवसभर सॅक घेऊन चालता, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा त्या तोडीचं काही केलंय आणि हार्नेस स्वतःचा स्वतः बांधता येतो, असं धरून पुढचं लिहिते. यातलं एखादं नसेल तर हा ट्रेक यंदा नको.

शेवटच्या कसारा लोकलने उतरलो, जीपने घोटी, पिंपळनेरमोर करत आंबेवाडी. गावातून तिन्ही किल्ले ओळीने समोर दिसतात: डावीकडे अलंग, मध्ये मदन, उजवीकडे कुलंग. अंधारातच निघालो आणि पावणेनऊला अलंग-मदनच्या खिंडीत होतो. इथवरची वाट छान आहे, कारवीतून जाते, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. खिंडीतून डावीकडे अलंग, उजवीकडे मदन.

अलंगचा तो कुप्रसिद्ध टप्पा ८०-९० फुटांचा आहे. इंग्रजांनी किल्ले घेतल्यावर सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या, त्यामुळे इथे कातळ उघडा पडला. वर गेलं की उरलेल्या पायऱ्या भेटतात. सुरुंग त्यांनी लावला, दोनशे वर्षांनी कमाई मात्र आयोजकांची चालू आहे.

आता या टप्प्याबद्दल स्पष्ट मत: चढायला तो अवघड नाही. ज्याने मुंब्र्याच्या कातळावर सरावाचे चार रविवार घालवलेत त्याला होल्ड (हातापायाच्या पकडी) मोठेच वाटतील. मधे एके ठिकाणी कातळ पोटाशी फुगलाय, तिथे पाय वर घेऊन उजव्या हाताला वरची खाच शोधावी लागते, बस. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या फुगवट्याखाली पोचले तेव्हा माझ्यासमोर दोराचा वेटोळा लोंबत होता. थेट गुडघ्यापर्यंत. वरून बिले देणाऱ्याने, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने, दोर ओढलाच नव्हता. मी "टाइट!" म्हणून ओरडले, दोनदा, तीनदा. वरून हसण्याचा आवाज आला, कुणाचा तरी व्हिडिओ चालला होता. तेवढ्यात खालच्या मामांनी (आमचे वाटाडे, आंबेवाडीचेच, त्या दिवशीचे एकमेव शहाणे गृहस्थ) वरच्यांना खणखणीत शिवी हासडली आणि दोर सरसर वर गेला.

ढील किती गंभीर असते हे नवख्यांना कळत नाही म्हणून सांगते. तो दोर स्टॅटिक होता. स्टॅटिक दोर फारसा लांबत नाही. रॅपलिंगला (दोरावरून उतरायला), फिक्स लावायला (आधारासाठी बांधून ठेवायला) तो उत्तम, पण सहा-सात फूट ढील असताना त्यावर पडलात तर दोर फारसं काही झेलत नाही, जवळजवळ सगळा झटका कमरेला आणि वर कातळात ठोकलेल्या बोल्टला बसतो. डायनॅमिक दोर लांबतो आणि तो झटका खातो. ज्या दोरावर चढायचंय तो कुठला, हे विचारायला लाजू नका. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "ताई, चांगलावालाच आहे."

वर पोचल्यावर अँकर, म्हणजे दोर जिथे बांधतात ती जागा, पाहिला. दोन बोल्ट, एकाच्या हँगरवर (बोल्टला बसवलेल्या पट्टीवर) गंज, आणि दोघांना जोडणारी स्लिंग (पट्ट्याचा फास) इतकी आखूड की ती जवळजवळ आडवी ताणली गेली होती. स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा असतो. तो १२० अंशांवर गेला की भार वाटला जातच नाही, प्रत्येक बोल्टवर पूर्ण भार येतो, आणि त्याहून रुंद झाला की पूर्णाहूनही जास्त. बेसिक कोर्समध्ये हे शिकवतात. इथे ३४ जण त्यावरून आले. काही झालं नाही, पण ते स्लिंग बांधणाऱ्याचं कौतुक नव्हे.

शेवटचा माणूस वर आला तेव्हा दोन वाजले होते. अलंगवरची संध्याकाळ सुंदर, गुहा प्रशस्त, टाक्यांमध्ये पाणी भरपूर. झोप लागली.

रविवारी सातला त्याच कड्यावरून रॅपलिंग सुरू. माणशी ६ मिनिटं धरा, साडेदहा वाजले. खाली एक पोरगा दोर धरून उभा, बाकी बॅकअप शून्य. माझ्याकडे माझा प्रुसिक (दोराभोवती गुंडाळायचा कॉर्डचा फास, घसरलात तर आवळतो) होता, मी तो लावला, तर "ताई, वेळ जातोय" असं ऐकावं लागलं. लावाच. हातभर कॉर्ड आणि अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. आणि केस बांधून हेल्मेटच्या आत घ्या. आमच्यातल्या एका मुलीची वेणी डिसेंडरमध्ये (ज्यातून दोर सोडत उतरतात त्या उपकरणात) गेली आणि ती चाळीस फुटांवर मान वाकडी करून वीस मिनिटं लटकली. दुसरा दोर असता तर कुणीतरी दोन मिनिटांत तिच्यापर्यंत उतरला असता.

मदनचा टप्पा ५० फुटांच्या आसपास, तिथेही तीच रांग. सगळे वर चढून पुन्हा खाली येईपर्यंत पाच वाजले. वर पाणी बेताचंच असतं, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी सकाळी अलंगच्या टाक्यातून बाटल्या भरल्याच नव्हत्या, कारण लीडर म्हणाला होता "दुपारपर्यंत कुलंगला पोचतो". डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. पाच वाजता मदनखाली उभ्या असलेल्या ३४ जणांच्या लीडरने काय करायला हवं? खाली आंबेवाडीला उतरवायला हवं. मामा तेच म्हणत होते. आमच्या लीडरने सांगितलं, "कुलंग राहिला तर लोक पैसे परत मागतील." निदान खरं बोलला.

आणि इथून ती जागा सुरू होते जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मदनच्या कड्याखालून कुलंगकडे जाणारी आडवी, म्हणजे उताराला कापत जाणारी वाट. कुठल्याच जाहिरातीत तिचा फोटो नसतो, कारण फोटोत ती काहीच दिसत नाही: वाळकं गवत, फूटभर वाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. पण त्या उताराला थांबा नाही. वाटेवर सुट्या मुरमाचा घसारा, त्यावर गवत आडवं पडलेलं, म्हणजे पाय कशावर ठेवतोय ते उजेडातही नीट कळत नाही. आम्ही तिथे हेडटॉर्च लावून गेलो. नऊ जणांकडे टॉर्चच नव्हते, मोबाईल हातात धरून चालत होते, म्हणजे एक हात कामातून गेला. दोर? तो सॅकमध्ये गुंडाळून आमच्यासोबत चालत होता.

एके ठिकाणी वाट धुऊन गेलीय, तीन-चार पावलांची जागा. मी पाय टाकला, मुरूम सरकला, आणि मी बसलेच. हाताला गवताचा झुपका लागला, तो मुळासकट आला. दुसरा लागला तो टिकला. खाली गेलेल्या दगडांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मागून मामा म्हणाले, "ताई, उठायची घाई नको. टाच रोवा. डोंगराला टेकू नका, सरळ उभ्या ऱ्हावा." हे शेवटचं वाक्य पाठ करा. घाबरलेला माणूस डोंगराकडे झुकतो, त्याचं वजन पावलावरून सरकतं आणि पाय निसटतो. सरळ उभं राहिलं की वजन पावलावर येतं. हे मला माहीत होतं, मी इतरांना शिकवलंयसुद्धा, आणि त्या क्षणी मी डोंगराला पालीसारखी चिकटले होते.

कातळावर पडले असते तर दोर होता, कितीही ढिला असला तरी. इथे काही नव्हतं. म्हणून सांगते, रॉकपॅचचं (कातळटप्प्याचं) भय बाळगू नका, या आडवीवर उजेडात पोचायचं भय बाळगा. दुपारी दोनपर्यंत मदन उतरून झाला नसेल तर कुलंग विसरा, खाली उतरा. तिथे १५ मीटरची एक फिक्स लाइन लावायला दहा मिनिटं लागतात. लीडर लावत नसेल तर तुमच्या गटातल्या कुणी लावावी, आणि तेवढा दोर स्वतःचा न्यावा.

कुलंगला रात्री अकराला पोचलो. त्या चढाला टेक्निकल काही नाही, नुसत्या पायऱ्या, झिजलेल्या, संपत नाहीत. दोघी पायात गोळे येऊन बसल्या होत्या, त्यांना मामांनी आणि एका कॉलेजच्या पोराने अक्षरशः पाठीला हात लावून वर आणलं. सकाळी टाकी पाहिली, घळीत भिंत घालून पाणी अडवलंय तेही पाहिलं, कळसूबाई, रतनगड, आजोबा सगळे स्वच्छ. मन लागलं नाही. सोमवारची रजा ऑफिसला मेसेजवर कळवली.

काही सुटं सुटं. जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, आठ-दहा जण, दोन दोर. पाणी तीन लिटर, आणि अलंग सोडताना पुन्हा भरून. फेब्रुवारीनंतर ऊन झेपत नाही, पावसाळ्यात विषयच नको. कड्यांना आग्यामोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. आयोजकाला पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का विचारा, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती आहे. आणि बिले देणारा कुठे शिकलाय तेही. चिडला तर तिथेच उत्तर मिळालं. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन निघण्याआधी फोनमध्ये टाका. गावातला वाटाड्या स्वतः ठरवा आणि पैसे त्याच्याच हातात द्या. आमच्या मामांना तीन दिवसांचे आयोजकाने किती दिले ते ऐकून आम्ही वर्गणी काढली.

परतीच्या जीपवाल्याने एक दिवस जास्त थांबल्याचे माणशी २०० घेतले, तेही आम्हीच भरले. मंगळवारी ग्रुपवर फोटोंची लिंक आली. माझा फुगवट्यावरचा फोटो झकास आलाय, समोरचा लोंबता दोर त्यात स्पष्ट दिसतो. त्याच्या खाली पुढची जाहिरात होती: २६ जानेवारी, जोडून सुट्टी, फक्त २० जागा.