बिजागरी कुठे द्यायची?

नाटक शिकायचं म्हटलं की घरचे निदान विचारतात, ‘म्हणजे सिरियलमध्ये दिसणार का?’ नेपथ्य शिकायचंय म्हटल्यावर माझ्या घरी कुणी काही विचारलंच नाही. काय विचारायचं हेच त्यांना कळेना.

मी मूळची कुडाळची, कॉलेज पुण्यात. एकांकिकेच्या ग्रुपमध्ये पडदे बांधणं, खोकी रंगवणं, कुणाच्या तरी घरून खुर्ची उचलून आणणं ही कामं माझ्याकडे आपसूक आली आणि मला ती अभिनयापेक्षा आवडायला लागली. पुरुषोत्तम करंडकाचा सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर, त्यामुळे तिथे सेट करणाऱ्याला कोण विचारतो! राज्य नाट्य स्पर्धेत मात्र नेपथ्याचं वेगळं पारितोषिक असतं, हे कळलं तेव्हा बरं वाटलं होतं.

शिकायचं कुठे, हा प्रश्न होताच. मराठी रंगभूमीवरची या कामातली मोठी माणसं चित्र-शिल्पाच्या, नाहीतर छायाचित्रणाच्या वाटेने आलेली. दामू केंकरे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, मोहन वाघ मुळात फोटोग्राफर. आता पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. मला नेपथ्य हाच मुख्य विषय हवा होता, म्हणून दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा फॉर्म भरला. पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केल्याचे दाखले लागतात. दुसऱ्या गोष्टीसाठी जुने ब्रोशर, कात्रणं जपून ठेवा. पहिली फेरी पार पडली की दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा होते. डिझाइन करायचंय म्हणून अभिनयातून सुटका नाही बरं का. मलाही स्वगत म्हणावं लागलं, गावं लागलं. गाण्याबद्दल न बोललेलंच बरं.

पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, दुसऱ्या वर्षापासून वाटा वेगळ्या होतात. इथे माझं खरं शिक्षण सुरू झालं. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रातलं ‘विकृष्ट मध्यम’, म्हणजे आयताकृती मधल्या मापाचं, नाट्यगृह मोजमापाने कागदावर उतरवायला घेतलं. लांबी ६४ हात, रुंदी ३२ हात, निम्मी जागा प्रेक्षकांची, निम्मी खेळणाऱ्यांची. हात दीड फुटाचा धरला तर ९६ बाय ४८ फूट. याहून मोठं बांधलं तर नटाचा आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, हे भरताने तेव्हाच सांगून ठेवलंय. आपल्याकडची काही नाट्यगृहं बांधताना हे पान कुणी उघडलं नसावं, अशी मला दाट शंका आहे. दिल्लीतच शिकवून गेलेले गोवर्धन पांचाल यांनी भरताची नाट्यगृहं आणि केरळची कूत्तंबलम, म्हणजे देवळांतली नाट्यगृहं, यांवर केलेलं काम मी तिथेच वाचलं.

मग मॉडेल. एका फुटाला अर्धा इंच, हे प्रमाण बोटांत बसेपर्यंत माउंटबोर्ड कापत बसायचं. मॉडेलमध्ये त्याच मापाचा माणूस उभा करायचा, नाहीतर दार देखणं दिसतं आणि नटाला वाकून आत यावं लागतं. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून रेघ मारून बघायची की विंगेत चहा पिणारा माणूस दिसतोय का.

एकदा कमीत कमी वस्तूंत अनेक स्थळं दाखवायचा अभ्यास दिला होता. वर्ग विचारात पडला, मला मात्र आमचा दशावतार आठवला. मागे पडदा, पुढे एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन आणि राजा उठून गेला की तेच रानातली शिळा. आमच्याकडे जत्रेला येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ते समजावून सांगावं लागत नाही.

डिप्लोमा घेऊन मुंबईत आले आणि एका ज्येष्ठ नेपथ्यकारांकडे सहायक म्हणून लागले. डिप्लोमा कुणी बघितला नाही. सुताराला वाचता येईल असं ड्रॉइंग मी काढू शकते, एवढ्यावर काम मिळालं. दिल्लीच्या शिक्षणाचा रोकडा उपयोग म्हणाल तर तो.

व्यावसायिक नाटकाचा सेट म्हणजे मुख्यतः प्रवासाचं सामान. दुपारी दादरला शिवाजी मंदिर, रात्री ठाण्याला गडकरी. आधीचं नाटक उतरल्यावरच तुमचं लावायला मिळणार. म्हणून लहानातल्या लहान रंगमंचाचं माप धरून आखायचं आणि मोठ्या ठिकाणी सेट थोडा पसरवायचा. प्लाय येतो आठ बाय चारचा, म्हणून चार फुटी फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, सोयीचा. कापडी केला तर वजनही कमी. फ्लॅट एकमेकांना पिनच्या बिजागऱ्यांनी जोडतात, पिन ओढली की भिंत सुटते. माझ्या पहिल्या स्वतंत्र नाटकात जिन्यामागे एक सलग भिंत होती. बॅकस्टेजच्या मामांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, भिंत झकास आहे. पण मध्ये बिजागरी द्या, नाहीतर ही बसच्या टपावरून न्यावी लागेल.” तेव्हापासून मॉडेल कापायच्या आधी मी कागदावर घड्यांच्या रेघा मारते. नवीन मुलांनी मामा मंडळींबरोबर एक दौरा तरी करावा, आणि हातमोजे न्यावेत.

एवढ्यावर घर चालतं का? नाटकावर एकट्यावर नाही. प्रदर्शनांचे स्टॉल, पुरस्कार सोहळ्यांचे मंच, मालिकांचे दिवाणखाने, भाद्रपदात एखादी गणपतीची आरास, यांतून भाडं निघतं. मालिकेत पैसा बरा असतो, पण तिथली भिंत कॅमेऱ्यासाठी असते आणि तिच्यासमोर कुणी दोन तास श्वास रोखून बसत नाही, हे मला अजून खटकतं.

मानधनाचं बोलणं मात्र कुठल्याच वर्गात शिकवलं नाही. एकरकमी घ्यायचं की प्रयोगागणिक, हे नाटक चालेल का याच्या अंदाजावर ठरतं आणि तो अंदाज कुणालाच नीट येत नाही. मी सध्या अर्धी रक्कम मॉडेल मंजूर झाल्यावर घेते आणि उरलेली रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी. शुभारंभ झाला की निर्मात्यांचे फोन फार व्यस्त लागतात.