दोघांचे मोजे

गोव्यातल्या कपाटात स्वेटरची जागा ठरलेली. सगळ्यात खाली, जुन्या चादरींच्या मागे, डांबराच्या गोळ्यांसकट. म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा आली की तो बाहेर निघतो. पारा विसावर उतरला की आम्ही कानटोप्या चढवतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अशा घरातलं नवं जोडपं ‘वीकेंडला बर्फ बघून येतो’ म्हणत गुलमर्गचं बुकिंग करतं, आणि एका दुपारी तो स्वेटर गॅलरीत उन्हाला पडलेला दिसतो. बाहीवर पावसाळ्यातली बुरशी अजून तशीच.

त्या बुरशीला हसू नये. बर्फात जाणाऱ्याने भ्यायचं ते ओलीला, आणि ओल ओळखायला गोव्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. आषाढात चार दिवस न वाळलेली बनियन, फ्रीजच्या मागे लावलेले शाळेचे मोजे, चामड्याच्या पट्ट्यावर आलेली पांढरी साय, हे सगळं बघतच आपण मोठे होतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणून उणे दहाची कोरडी थंडी निभावते, पण शून्य अंशात मोजा ओला झाला की दोघांचं बोलणं पहिल्यांदा तुटक होतं, मग बंदच पडतं.

आधी त्या ‘वीकेंड’चं बघू. शुक्रवारी निघून रविवारी परत, हे कोल्हापूरला जमतं. गोव्याहून श्रीनगरला जायचं म्हणजे बहुधा दिल्ली किंवा मुंबईत विमान बदलणं आलं. श्रीनगरला बर्फ पडला किंवा धुकं दाटलं की उड्डाणं रद्द होतात. त्यामुळे गुलमर्गला दोन रात्री, परतीच्या आधीची रात्र श्रीनगरात, आणि रजेत एक दिवस जास्तीचा. श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या बाहेरच पहिली तपासणी होते, गाडीतलं सामान उतरवून मशीनमधून काढावं लागतं. तीन तास हाताशी ठेवा. शिवाय २०२३पासून आपल्याकडे विमानतळ दोन. जाताना मोपावरून गेलात आणि येतानाचं स्वस्त तिकीट दाबोळीचं निघालं, तर गाडी एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या. तिकीट काढताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड हवं. दोघांचीही बंद राहिली तर वेळ बरा जाईल, असं माझं मत आहे. पण हॉटेलचा माणूस टंगमर्गला तुम्हाला शोधत असतो.

टंगमर्ग म्हणजे गुलमर्गच्या खालचं गाव. श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, त्यातला शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट इथून सुरू होतो. बर्फ जास्त असला की साधी गाडी इथेच थांबते आणि पुढे चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. बाहेरचे पर्यटक इथे हुज्जत घालतात. गोव्याच्या माणसाला टॅक्सी युनियन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तो गुपचूप पैसे मोजतो आणि गंमत म्हणजे त्याला जरा घरच्यासारखंही वाटतं. फक्त हॉटेलच्या पैशात ही गाडी धरली आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या. स्लेजचंही तसंच. भाव ठरवताना तो एकाचा की दोघांचा, वर ओढून नेण्यासकट की नुसतं खाली घसरण्याचा, हे बसण्यापूर्वी बोलून घ्यायचं. उतरल्यावर बोललात तर भांडण.

आता कपडे. जीन्स घरी ठेवा. सुती कापड पाणी पितं आणि वाळत नाही. बर्फात जीन्सवर बसलेला माणूस दिवसभर तो ओला बोळा अंगावर वागवतो. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जाकीट तिथे भाड्यानेही मिळतं. आपल्या लोकांची चूक अशी की गाडीतून उतरतानाच सगळं अंगावर चढवतात. मग चढावर घाम येतो, घामाने आतला थर भिजतो, आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. थांबलं की लगेच जाकीट.

मोज्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. एकावर एक तीन-तीन मोजे घालून भाड्याच्या गमबुटात पाय कोंबणारे नवरे हमखास दिसतात. बूट घट्ट झाला की पायातलं रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एक पातळ, त्यावर एक जाड लोकरीचा, आणि आत बोटं हलली पाहिजेत. बूट घेताना मोजे घालूनच माप बघावं, आतून हात फिरवून ओल चाचपावी. आदल्या गिऱ्हाइकाचा बूट रात्रभर वाळतोच असं नाही. माणशी एक जादा जोडी जाकिटाच्या आतल्या खिशात. दुपारी चहाला टेकलात की तिथेच मोजे बदला. चारचौघांत मोजे काढायला नव्या नवरीला संकोच वाटतो, तर नवऱ्याने आधी काढावेत. हातमोजे बोटांचे घेण्यापेक्षा मिटन बरे. त्यात चारही बोटं एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात.

गोंडोला म्हणजे तिथली केबल कार. तिचं तिकीट आधीच ऑनलाइन काढायचं, ओळखपत्र सोबत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. पहिला टप्पा कोंगडोरीला उतरवतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५०च्या आसपास. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो. दोन रात्री राहायचं ते यासाठीही, आज नाही तर उद्या. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांवर येतो, म्हणून फोटोसाठी पळापळ नको. ऊनही तिथे जास्त भाजतं. मिरामारची कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी पंधरा टक्के परत फेकते, ताजा बर्फ ऐंशीपर्यंत. नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखालीही सनस्क्रीन हवं. गॉगल शोभेचा नाही, गरजेचा.

फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी पटकन मान टाकते. बाहेरून गरम खोलीत शिरताना तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्ध्या तासाने काढा, नाहीतर त्यावर दव धरतं. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच. खोबरेल तेल नेलंत तर बाटलीत त्याचा दगड होईल. ते चोवीस अंशांखालीच गोठायला लागतं. लोणी काढावं तसं चमच्याने काढा. ओठांना आणि टाचांना दुसरं काही लागत नाही.

चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, हा तिथला कडक थंडीचा काळ. नळ रात्री बारीक धारेने चालू ठेवलेला दिसला तर बंद करू नका, पाइप गोठू नये म्हणून तो तसा सोडलेला असतो. विजेचं ब्लँकेट झोपण्याआधी अर्धा तास लावायचं आणि अंथरुणात शिरताना बंद करायचं. गोव्याहून नेलेली फेणी हातभार लावेल असं वाटतं. तिने त्वचेकडे रक्त धावतं, अंग गरम भासतं, पण आतली ऊब त्याच वाटेने निघून जाते. प्यायचीच तर रात्री खोलीत. बाहेर केशर-बदाम घातलेला कहवा.

आणि खोलीतल्या बुखारीचं, म्हणजे लाकूड-कोळशाच्या शेगडीचं. आपल्याकडे खिडक्या बारा महिने उघड्या, त्यामुळे बंद खोलीतल्या विस्तवाची आपल्याला सवय नाही. लाकूड-कोळसा नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. निजण्याआधी बुखारी विझवून घ्या, धुराड्याचं नळकांडं सैल नाही ना ते हॉटेलवाल्याला दाखवायला सांगा, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. कांगडी, म्हणजे कोळशाच्या निखाऱ्यांचं हातात धरायचं मडकं, पांघरुणात घेऊन झोपू नका, ती कितीही रोमँटिक वाटली तरी. मध्यरात्री दोघांचंही डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, तर उंचीचा त्रास म्हणून गोळी घेऊन पुन्हा पडू नका. खिडकी-दार सताड उघडा, जोडीदाराला हलवून जागं करा, बाहेर पडा आणि हॉटेलवाल्याला उठवून डॉक्टर बोलवा. मोजे राहू देत.