लेहमधलं ऊन
आज दिवसभर लेहमध्ये नुसता भटकलो. 3500 मीटर उंची म्हणजे काय ते जिना चढताना कळतं, चार पायऱ्यांत धाप! हवा विरळ, त्यामुळे उन्हात कान भाजतात आणि भिंतीच्या सावलीत शिरलं की लगेच जॅकेटची चेन वर. ढग हिमालयाच्या पलीकडेच रिकामे होतात म्हणून वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिमीच्या आसपास, धुतलेला रुमाल बघता बघता कडक वाळला, ओठ फुटले ते वेगळंच. तरी मधेच जवाची हिरवीगार शेतं, पॉप्लरच्या रांगा, सगळं वितळलेल्या बर्फाच्या पाटावर! पाट संपला की पुढच्या पावलाला थेट वाळू नि दगड. जुनी घरं मातीची, सपाट छपराची, एरवी चालून जातं, पण ऑगस्ट 2010 च्या ढगफुटीत अशी कितीतरी घरं वाहून गेली.