होडी बांधायच्या आधी वजनकाटा घ्या

घरी लाकडाची रेसिंगची होडी बांधतोय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, लाकूड कुठलं वापरणार? लाकूड यादीत बरंच खाली आहे हो. नुसतं फिरायला होडी हवी असेल तर दोन-चार किलो इकडे तिकडे झाले तरी कोण विचारतंय, पण रेसला उतरायचं तर ती एखाद्या क्लासची, म्हणजे ठरलेल्या एकाच नमुन्याच्या होड्यांच्या गटातली, लागते आणि क्लास आला की नियम आले, लांबी किती, रुंदी किती, वजन कमीत कमी किती, कुठला पार्ट कशाचा चालेल, सगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे पहिली खरेदी म्हणजे ड्रॉइंग्ज आणि चालू वर्षाचे नियम. जुने नियम कुठून तरी डाऊनलोड करून सुरुवात करू नका, मापं बदलत असतात.

मी ओके डिंगी धरलीये. एका माणसाची, एकच शीड, 4 मीटर लांब. डेन्मार्कच्या क्नूद ओल्सेननी 1950च्या दशकात डिझाईन केली ती घरी प्लायवूडमधे बांधता यावी या हिशोबानेच, आणि डोलकाठीला आधाराच्या तारा नाहीत त्यामुळे बरंच फिटिंगचं सामान आपोआप यादीतून गेलं. हलचं, म्हणजे होडीच्या नुसत्या धडाचं, कमीत कमी वजन 72 किलो. हा आकडा मी भिंतीवर खडूने मोठ्ठा लिहून ठेवलाय. कारण हल हलकं झालं तर शिशाचे तुकडे बसवून वजन पुरं करता येतं, जड झालं तर मात्र काही इलाज नाही, रंधा मारून मारून किती काढणार!

म्हणून आमच्याकडे पहिलं हत्यार आलं ते वजनकाटा.

आता प्लाय. दुकानात "मरीन आहे ना?" विचारलं तर उत्तर कायम "हो"च येतं, त्याला काही अर्थ नाही. वॉटरप्रूफ प्लाय आणि मरीन प्लाय यांच्यात गोंद बऱ्याचदा सारखाच असतो, फरक असतो तो आतल्या थरांत. साध्या प्लायमधे आतल्या थराला भेगा, पोकळ्या चालतात कारण वरून दिसत नाहीत, पण होडीला शीट वाकवायची असते आणि ती नेमकी पोकळीवरच मोडते, शिवाय पाणी शिरलं की तिथेच साचून कुजायला सुरुवात. बीएस 1088 हा मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा शिक्का शोधायचा, पण शिक्का छापायला शाईच लागते, तेव्हा शीटच्या चारी कडा टॉर्च लावून बघायच्या आणि टिचकी मारत मारत पूर्ण शीटवरून हात फिरवायचा, पोकळ जागेचा आवाज बदलतो तो लगेच कळतो. शिवाय एक तुकडा मागून आणायचा आणि सरळ उकळत्या पाण्यात टाकायचा. तासभर उकळा, पूर्ण वाळवा, परत उकळा, मग कडेत पटाशीचं टोक घालून थर उचकटून बघा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला, थर सुळकन सुटा झाला तर ती शीट कपाटासाठी ठेवा. (घरातलं पातेलं घेऊ नका, वास जात नाही.)

लाकडाची जात म्हणाल तर ओकुमे. त्याची 8 बाय 4 फुटाची 6 मिमी शीट साधारण 8 किलो भरते, मेरांटीची तेवढीच शीट 10 किलोच्या आसपास जाते. मेरांटी जास्त टिकाऊ आहे हे मान्य, पण चार-पाच शीटमधे 8-10 किलोचा फरक पडतो आणि 72 च्या हिशोबात तो परवडत नाही. एकाच गठ्ठ्यातल्या ओकुमेच्या शीटसुद्धा सारख्या वजनाच्या नसतात. मी घरच्या काट्यावर शीट धरून उभा राहतो, आकड्यातून स्वतःचं वजन वजा, आणि शीटवर पेन्सिलने किलो लिहून टाकतो. सगळ्यात हलक्या शीट पुढच्या आणि मागच्या टोकाला, जड असेल ती मधे सेंटरबोर्डच्या (होडीखाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) आसपास. टोकांना वजन असलं की होडी लाटेवर नाक खालीवर करत बसते आणि स्पीड मरतो. एकूण वजन तेवढंच असलं तरी ते कुठे आहे याने फरक पडतो, आणि हे ठरतं खरेदीच्या दिवशीच.

काठाच्या लांब पट्ट्यांना स्प्रूस किंवा डग्लस फर. इथे गाठ नको, लाकडाच्या रेषा सरळ हव्यात. रेषा तिरक्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील तर वाकवताना पट्टी तिथेच चिरते. वरवर बघून कळत नाही, टोकाचा एक तुकडा पटाशीने फोडून बघा, फट जशी जाईल तशी खरी रेषा.

स्क्रूंबद्दल थोडक्यात. पितळेचे नको, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर ठिसूळ काहीतरी उरतं. सिलिकॉन ब्राँझ मिळालं तर उत्तम, नाहीतर 316 ग्रेडचं स्टेनलेस. "मॅग्नेट लावून बघा की" असं सांगणारे भेटतात, पण त्याखालच्या 304 ग्रेडला सुद्धा मॅग्नेट फारसा चिकटत नाही, त्याने दोन्हींतला फरक कळत नाही. तशीही इपॉक्सीच्या (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाच्या) बांधणीत बरेचसे स्क्रू गोंद वाळेपर्यंतच लागतात, नंतर काढून भोक भरून टाकायचं, तेवढंच वजन कमी.

डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), शीड मी नवीन घेणार नाहीये. जुनी, हल कुजलेली होडी बघतोय जिचा वरचा साज चांगला आहे. रेसवाले लोक शीड बदलत असतात, त्यांचं "जुनं" आपल्याला शिकायला भरपूर. फक्त शिडावर क्लासच्या मोजणीचा शिक्का आहे का आणि मागची कड वाऱ्यात फडफडून सैल पडलीये का एवढं नक्की बघायचं.

इपॉक्सी सगळ्यात शेवटी. रेझिन आणि हार्डनर एकाच कंपनीचं, प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच, आणि ते वजनाने आहे की मापाने हे नीट वाचा, दोन्ही वेगळे आकडे असतात. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल हा पॉलिएस्टरवाल्यांचा गैरसमज, इथे नुसतं मऊ राहतं. गरम हवेत काम असेल तर स्लो हार्डनर, नाहीतर मगमधेच धूर निघतो. सांधे भरायला त्यात मिसळायचा लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिकाची पूड, वरून घासून सारखं करायच्या थराला मायक्रोबलून्स, म्हणजे बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड. नायट्राईलचे ग्लव्हज खोकाभर आणा, इपॉक्सी अंगावर एकदा उठायला लागली की कायमची उठते.

राहिले क्लॅम्प. हे कितीही असले तरी कमीच पडतात आणि चांगले घ्यायला गेलं तर प्लायएवढा खर्च होतो. त्यावर उपाय म्हणजे जाड पीव्हीसी पाइप. दोन बोटं रुंदीची कडी कापायची, एका बाजूने चीर द्यायची, फाकवून पट्टीवर अडकवायची. काठाची पट्टी चिकटवताना अशी वीतभर अंतरावर एकेक लागतात, म्हणून सध्या रोज संध्याकाळी पाइप कापणं चालू आहे.