डिस्क भरली की माऊस थांबतो

सर्व्हर सावद्याच्या केळी गोदामात, सांभाळणारा माणूस जळगावात, आणि मध्ये मोबाईलचं नेट. असा कारभार असेल तर माऊस की टर्मिनल (कमांड टाइप करायचा पडदा) हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. माझं मत सरळ आहे: बघायला पडद्यावरची चित्रं, बदलायला कमांड.

डिस्क भरल्याचंच घ्या. रूट विभाजन, म्हणजे डिस्कचा सिस्टिम बसते तो भाग, काठोकाठ भरला की उबंटू लिनक्सचा डेस्कटॉप पासवर्ड घेतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच समोर येतं. पासवर्ड बरोबर असतो, सेशनच्या फाइली लिहायला जागा नसते. गोदामातल्या पोराला कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबायला सांगा, टर्मिनल उघडेल. ईएक्सटी४ फाइलसिस्टम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरसाठी, राखून ठेवते, म्हणून त्याचे अधिकार देणारं सुडो लावून कामं अजून होतात.

आधी 'डीएफ -एच'. त्यात जागा दिसतेय तरी लिहिता येत नसेल तर 'डीएफ -आय' बघा, लाखो बारक्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदीच्या जागा) संपवलेले असतात. मग 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /' चालवून मोठा फोल्डर शोधत खाली उतरा. यातला 'एक्स' विसरू नका, नाहीतर लावून ठेवलेली बॅकअप डिस्कही त्याच हिशोबात येते. डिस्कचा रंगीत गोल दाखवणारं साधन साध्या युजरने चालवलं, तर मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा फोल्डर त्याला वाचताच येत नाही. मग बेरीज कमी भरते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

सगळ्यात जास्त फसवते ती डिलीट केलेली लॉग फाइल, म्हणजे सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) आपल्या नोंदी लिहिते ती. फाइल मॅनेजरमधून उडवली तर ती बहुधा त्याच विभाजनातल्या कचरापेटीत जाऊन पडते. 'आरएम'ने उडवली तरी सर्व्हिसने ती उघडी धरून ठेवलेली असली तर जागा सुटत नाही. 'सुडो एलएसओएफ +एल१' अशा फाइली आणि त्या धरून बसलेली प्रोसेस दाखवतं. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. चालू लॉग रिकामी करायची तर 'ट्रंकेट -एस ०' वापरा.

आता नेट तुटण्याचं. नुसत्या एसएसएचमध्ये (दुरून टर्मिनल चालवायच्या जोडणीत) अपडेट चालू असताना लाइन गेली तर ते अर्धवट मरू शकतं, आणि मग अर्धं राहिलेलं पुरं करायला 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' करत बसावं लागतं. म्हणून लॉगिन झाल्याबरोबर लाइन गेली तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारं 'टीमक्स' सुरू करा. लाइन परत आली की 'टीमक्स अटॅच', काम जिथल्या तिथे. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप सेशनही लाइन तुटल्यावर आत चालू राहतं, हे मान्य. पण पडद्याचं चित्र ओढून आणायला जेवढं नेट लागतं, त्याच्या किरकोळ भागात टर्मिनलचं भागतं.

सर्व्हरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलताना चुकीच्या आकड्यावर 'अप्लाय' दाबलं की सर्व्हर हाताबाहेर जातो आणि कुणालातरी गाडी काढावी लागते. 'नेटप्लॅन ट्राय' मात्र १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत आणतं. फायरवॉलला, म्हणजे नेटवरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीला, अशी माफी नाही. आधी एसएसएचला वाट देणारं 'यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच', मगच भिंत चालू करणारं 'यूएफडब्ल्यू एनेबल'.

आलेखाला मात्र तोड नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी सर्व्हर का मंदावतो, हे तापमान दाखवणाऱ्या 'सेन्सर्स' कमांडचा एकेक आकडा वाचून लवकर लक्षात येत नाही. आठवड्याचा तापमानाचा आलेख रोज दुपारी वर चढताना दिसला की पंखा आणि धूळ आठवते. मेमरी आणि डिस्कच्या ताणासाठी ब्राउझरमध्ये उघडणारं ९०९० पोर्टवरचं कॉकपिट लावून ठेवा, फक्त ते पोर्ट इंटरनेटला उघडं टाकू नका.

गोदामातल्या माणसाकडून कमांड चालवून घ्यायची असेल तर चॅटमध्ये टाइप करून पाठवू नका. काही फोनचे कीबोर्ड दोन डॅशची एक लांब रेघ करतात, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतात, आणि कमांड चालत नाही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती फाइल पाठवा, आणि एंटर दाबण्याआधी पडद्यावरची ओळ फोनवर वाचून घ्या.