एकट्या कुत्र्याला सोबत म्हणून दुसरे पिल्लू आणावे का?

पुण्यात रस्त्यावरच्या पिल्लांना काही काळ घरी सांभाळून त्यांना चांगली घरे मिळवून देण्याचे काम मी करते. त्यामुळे वर्षभर एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो : "आमचा कुत्रा दिवसभर घरी एकटा असतो, उदास दिसतो, त्याला सोबत म्हणून एखादे पिल्लू द्याल का?" विचारणारे प्रेमापोटीच विचारत असतात आणि माझ्याकडच्या पिल्लांना घर तर हवेच असते, तरीही मी लगेच हो म्हणत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून त्याची कारणे नीट सांगते. तुमचा कुत्रा तुम्ही नसताना कासावीस होत असेल, तर दुसरे पिल्लू हा त्यावरचा इलाज नाही. तो स्वस्थ असेल, त्याला इतर कुत्री आवडत असतील आणि मुख्य म्हणजे तुम्हाला स्वतःला दुसरा कुत्रा हवा असेल, तर जरूर आणावे.

कुत्र्याला कुत्र्याचीच सोबत हवी असते, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लहानपणापासून जोडीजोडीने राहिलेली सात ते नऊ वर्षे वयाची भावंडे घेतली होती. जोडीदाराला काही तास दूर नेले, तरी ओळखीच्या जागेत मागे राहिलेल्या कुत्र्याच्या शरीरातील ताणाची संप्रेरके वाढली नाहीत. त्याच कुत्र्यांना अनोळखी जागी नेल्यावर ती वाढली, आणि जोडीदार शेजारी असूनही वाढली. रोज सांभाळणारा माणूस जवळ बसला तेव्हा मात्र ती वाढली नाहीत. ही कुत्री प्रयोगशाळेत वाढलेली होती, घरातली नव्हती, हे खरे. पण आजवर जी घरे मी जवळून पाहिली, तिथेही धीर देणारे माणूसच असते, असेच दिसले.

म्हणून मी आधी एक काम सांगते. घरातून निघताना जुना मोबाइल दाराच्या दिशेने लावून त्याचा कॅमेरा चालू ठेवा. खरा त्रास असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच दिसतो. दार ओरबाडणे, सतत येरझाऱ्या घालणे, लाळ गळणे, एरवी ज्यावर तुटून पडतो त्या चिकनच्या तुकड्यालाही तोंड न लावणे, ही तुमच्या विरहाची लक्षणे आहेत. अशा कुत्र्याला अगदी काही सेकंदांपासून सुरुवात करून एकटे राहण्याची सवय हळूहळू लावावी लागते आणि त्रास तीव्र असेल तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषधही द्यावे लागते. त्याच्याजवळ पिल्लू आणून ठेवले, तर तेही दाराशी बसून विव्हळायला शिकते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी दुप्पट होतात. याउलट तुम्ही गेल्यावर तो खाऊ संपवून झोपत असेल आणि दुपारी उठून उशी फाडत असेल, तर तो नुसता कंटाळला आहे. सकाळी त्याला मनसोक्त हुंगू देत केलेला फेरफटका आणि जेवण भांड्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवून देणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

दुसरी गोष्ट त्याच्या आवडीनिवडीची. साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा खऱ्या अर्थाने मोठा होतो आणि सोबतीच्या बाबतीत चोखंदळ होतो. वर्षाचा असताना दिसेल त्याच्याशी खेळणारा कुत्रा पुढे दोन-चार ओळखीच्या कुत्र्यांपलीकडे कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि यात त्याचे काही बिघडलेले नसते. तुमचा कुत्रा इतरांशी खेळताना पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतो का, पाठलाग करता करता कधी स्वतःही पुढे पळतो का, लहान कुत्र्यासमोर आपला जोर आवरता घेतो का, हे पाहा. तो केवळ तोंड फिरवून निघून जात असेल, तर त्याने उत्तर दिलेले आहे.

वयाचाही विचार करावा. पहिला कुत्रा दोन वर्षांचा होऊन अंगी चांगल्या सवयी बाणल्याशिवाय दुसरा आणू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पिल्लू मोठ्याचे पाहून शिकते : शी-शू बाहेर करणेही शिकते आणि बेल वाजली की घर डोक्यावर घेणेही शिकते. म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल तर लोकांचा मोठाच समज असतो की पिल्लू आले की तो पुन्हा तरुण होतो. धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत असे झालेले मी पाहिलेही आहे. पण ज्याचे खुबे दुखतात, ज्याला एका दमात उठता येत नाही, त्याला अंगाशी झोंबणाऱ्या पिल्लापासून दूर जाता येत नाही, आणि ज्याला दूर जाता येत नाही तो शेवटी चावतो. एकाच वेताची दोन पिल्ले एकदम न्यावीत का, असेही काही जण विचारतात. मी ती सहसा देत नाही. दोघांना वेगवेगळे फिरवणे, शिकवणे, झोपवणे नोकरी करणाऱ्या घरात क्वचितच जमते आणि मग ती माणसांऐवजी एकमेकांवरच विसंबून वाढतात.

आता पहिल्या भेटीविषयी. दोन कुत्र्यांची ओळख घराबाहेर, दोघांच्याही हक्काच्या नसलेल्या जागी करून द्यावी, हा सल्ला मोठ्या कुत्र्यांसाठी उत्तम आहे; पण लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला त्यासाठी रस्त्यावर उतरवणे धोक्याचे असते. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत, फरशीवर, चपलांच्या तळव्यांना चिकटून महिनोन्महिने टिकतो आणि लस न झालेले पिल्लू त्याने दोन-तीन दिवसांत दगावू शकते. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात दिली जाते. दुसरीकडे, जगाची ओळख करून घेण्याचे पिल्लाचे वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असते, त्यामुळे लसी संपेपर्यंत त्याला खोलीत कोंडून ठेवणेही बरोबर नाही. यातून मार्ग असा, की पिल्लाला कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवावे आणि मोठ्या कुत्र्याशी भेट जिथे भटकी किंवा लस न झालेली कुत्री येत नाहीत अशा ठिकाणी, म्हणजे एखाद्या मित्राच्या बंद अंगणात किंवा सोसायटीच्या स्वच्छ गच्चीवर, घडवावी.

त्याआधी रस्त्यावरून आलेले पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. वरून टुणटुणीत दिसणाऱ्या पिल्लाच्या पोटातही आजार दबा धरून असू शकतो. या काळात जंताचे औषध द्यावे, कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात आणि घरच्या कुत्र्याचे वार्षिक बूस्टर राहिलेले नाहीत ना, हे पाहावे. पिल्लू विकत घेणार असाल, तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, हे लक्षात ठेवा. पाच आठवड्यांचे पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. आई आणि भावंडांबरोबरच्या त्या आठवड्यांत पिल्लू चाव्याचा जोर आवरायला शिकते आणि ते शिक्षण हुकले की त्याचा त्रास तुमच्या मोठ्या कुत्र्याला होतो.

माझी तांबू ही देशी कुत्री घरी येणाऱ्या प्रत्येक पिल्लाशी कशी वागते, ते मी बारकाईने पाहत आले आहे. पिल्लू तिच्या कानाला लोंबकळते. ती आधी मान वळवते, मग जिभेने नाक चाटते, मग जांभई देते आणि उठून दुसरीकडे जाऊन बसते. पिल्लू मागोमाग येऊन पुन्हा कान धरते. तेव्हा तिचा वरचा ओठ एका बाजूने वर जातो, घशातून खोल गुरगुर येते आणि तरीही कान सुटला नाही तर ती एकदाच, मोठ्याने, पिल्लाच्या तोंडाजवळ दात वाजवते. पिल्लू केकाटत उताणे पडते. त्याच्या अंगावर ओरखडाही नसतो. अशा वेळी पुष्कळ घरांत मोठ्या कुत्र्याला ओरडा बसतो, आणि मला याचे फार वाईट वाटते. त्याने चार वेळा सभ्यपणे सांगितलेले कुणी ऐकलेले नसते. गुरगुरल्याबद्दल शिक्षा झालेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावायला शिकतो. आपण त्या आधीच्या जांभईलाच उठावे, पिल्लाला उचलावे आणि जाळीच्या कुंपणाआड झोपवावे. तसेही त्या वयात पिल्लाला दिवसातले अठरा-वीस तास झोप लागतेच.

निदान पहिले काही महिने दोघांची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत, चघळायची हाडे आणि खेळणी जमिनीवर पडू देऊ नयेत, आणि आपण घरात नसताना दोघांना एकत्र मोकळे सोडू नये. ज्या एकटेपणासाठी पिल्लू आणायचे म्हणतात, त्याच तासांत दोघांना सुरुवातीला वेगळे ठेवावे लागते, हे बहुतेकांनी आधी मनात धरलेलेच नसते. मोठ्याचे एकट्याचे फिरणे आणि तुमच्या पायाशी बसण्याची त्याची वेळ कमी करू नका. पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की मोठी कुत्री त्याला देत असलेली सूट संपते. काल खपवून घेतलेले आज खपत नाही, आणि नंतर ते वयात आल्यावर, विशेषतः दोन्ही माद्या असतील तर, भांडणे गंभीर होऊ शकतात. म्हणून शक्यतो नर-मादी अशी जोडी निवडावी आणि नसबंदी वेळेवर करावी.

खर्चाबद्दल मी फार बोलत नाही, कारण तो दुप्पट होतो हे सगळ्यांना कळते. जुलैच्या पावसात दोघांना कोण फिरवणार, हा प्रश्न मात्र मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्ले आपल्याकडे मुख्यतः पावसाळा संपल्यावर आणि हिवाळ्यात जन्मतात, आणि ती दर हिवाळ्यात असतात, त्यामुळे घाईचे कारण नसते. निर्णय होत नसेल तर आधी काही आठवड्यांसाठी पिल्लू फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरते सांभाळायला, न्या. जमले नाही तर ते मी परत घेते आणि त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही. पिल्लू पाहायला येताना तुमच्या कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड आणि तो एकटा असतानाचे मोबाइलवरचे चित्रण घेऊन या. त्यावरून आपण पुढचे ठरवू.