पहिली नोकरी, दालमिल आणि तीस किलोचा कट्टा

२०२२ ला बी.कॉम झालं. वर्गातले अर्धे पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले आणि मी जळगाव एमआयडीसीत एका दालमिलमध्ये अकाउंटला चिकटलो. पगार १२ हजार. भुसावळहून रोज अपडाऊन, रेल्वेचा पास, डबा. घरी पाहुणा आला की पहिला प्रश्न, "पुण्याला नाही गेला का रे?" लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

पहिले दोन महिने मी केबिनमधून उठलोच नाही. कूलरसमोर बसायचं, टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडायचं, बिलं फाडायची. काचेपलीकडे मिल धडधडत असायची, तिकडे नुसती धूळ, आपण शिकलेले, आपलं तिकडे काय काम, असं डोक्यात.

मग एक दिवस एका पार्टीचा फोन आला आणि शेठचा आवाज पूर्ण ऑफिसभर. मी तूरदाळीच्या २०० कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, बिलावर ५ टक्के जीएसटी लावून दिला होता. सहा लाखाचा माल, म्हणजे ३० हजार फुकटचे जास्त. झालं असं की १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅक करून लेबल लावलेल्या दाळीवर जीएसटी लागला, आणि आमचा तो माल ३० किलोच्या कट्ट्यात होता, त्याला टॅक्सच नाही. टॅलीत आयटम एकच होता, 'तूरदाळ', मी तोच निवडत गेलो.

आमचे मुनीम, सगळे त्यांना नाना म्हणायचे, ते रागावले नाहीत. चष्मा वर केला आणि म्हणे, "तू कट्टा पाह्यलाच नाही अजून. चल खाली."

त्या दिवशी पहिल्यांदा मिल पाहिली. तूर आधी साफ होते, मग रोलवर घासतात म्हणजे सालीला चरे पडतात, मग तेल लावून मुरत ठेवतात, मग उन्हात वाळवण, परत पाणी, आणि मग कुठं ती फुटते. जळगावचं ऊन आम्ही जन्मभर शिव्या देऊन काढलं, तिथं त्याच उन्हावर धंदा. नानांनी अर्धवट सोललेला दाणा माझ्या तळहातावर ठेवला, नखाने साल काढायला लावली. निघेना. म्हणे हीच साल नीट निघाली नाही तर दाळ तुटते, चुनी म्हणजे तुकडे-भुगा वाढतो, आणि चुनी ढोरांच्या खुराकात जाते, दाळीच्या भावात नाही. १०० किलो तुरीतून ७०-७५ किलो दाळ निघाली की शेठ खुश.

तेव्हापासून जेवण झालं की अर्धा तास खालीच. हमालांसोबत बसायचो, शेवभाजी कोणाची तिखट यावर भांडणं. पण फरक पडला राव. एकदा एका लॉटचा उतारा, म्हणजे १०० किलोमागे निघालेली दाळ, ६६ दिसला तर मीच विचारलं, माल ओला होता का? होता. शेठने पहिल्यांदा मला नावाने हाक मारली, तोपर्यंत मी 'ए अकाउंट' होतो.

पगाराचंही सांगतो, कारण नवीन पोरं तिथंच चिडतात. १२ हजारात पीएफ १,४४०, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे ९०, प्रोफेशनल टॅक्स २००, हातात १०,२७०. मी नानांकडे कुरकुर केली तर त्यांनी पेन्सिलने बिलाच्या मागे मांडून दाखवलं, मालकही तेवढेच १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि उरलेले तुझ्या पीएफला. पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते, नोकरी बदलली तर ट्रान्सफर कर, मोबाईल घ्यायला काढू नको. माझ्या दोन मित्रांनी पहिली नोकरी सोडल्या सोडल्या काढला, दोघांचे मोबाईल आता फुटलेले आहेत.

दीड वर्षाने मी ती मिल सोडली, आता दुसरीकडे आहे, पगार बरा आहे. पीएफ ट्रान्सफर झाला की नाही ते मागच्या आठवड्यात पासबुकात पाहिलं, झालेला होता, म्हणून नानांना फोन लावला. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

"ते जाऊ दे, तूर काय भाव चालू राह्यली?"

मी सांगितला.

"कालचा सांगतोय तू," म्हणे, आणि फोन ठेवला.